भरतकामाची रिंग घ्यावी की फ्रेम? पाच प्रकार वापरून झाले, आता बोलते

आधीच सांगून टाकते, यातली एकही वस्तू मला कुणी फुकट दिलेली नाहीये, सगळी माझ्या पैशाने घेतलीय आणि त्यातले दोन प्रकार तर चक्क पाण्यात गेलेत.

झालं असं की मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते, आमच्या अंगणातल्या निंबाला दरवर्षीसारखा झोका बांधलेला, पोरी गौराईची गाणी म्हणून राहिल्या होत्या आणि मला एकदम वाटलं की हा झोका आपण भरायचा, फुलीच्या टाक्याने, म्हणजे क्रॉस स्टिचने. अमळनेरला परत आल्यावर पोराचा ग्राफ पेपर घेतला आणि चित्र काढलं, रुंदी १६८ फुल्या आणि उंची १४०. कापड १४ काउंटचं आयडा, म्हणजे एका इंचात १४ घरं, म्हणजे चित्र झालं १२ बाय १० इंचाचं. चारी बाजूंना ३-३ इंच सोडून १८ बाय १६ चा तुकडा कापला. इथपर्यंत सगळं सोपं होतं, खरी मजा पुढे आली की एवढं कापड ताणून धरायचं कशात?

घरात एक जुनी प्लास्टिकची रिंग होती पण ती तडकलेली, म्हणून जळगावला गेले तेव्हा फुले मार्केटमधून नवी घेतली, ४० रुपयांना, गुलाबी. दिसायला गोड. पण रिंग म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन रिंगा, त्यांच्यामध्ये कापड दाबायचं, आणि हिच्या आतली-बाहेरची दोन्ही इतक्या गुळगुळीत की पाच-सात मिनिटं झाली की कापड मधून खाली बसायचं, परत ओढा, परत स्क्रू पिळा, आणि असं पिळता पिळता दुसऱ्याच आठवड्यात स्क्रूचे आटे गेले. आता ती नुसतीच गोल गोल फिरते. सगळं प्लास्टिक वाईट असतं असं नाही हां, ज्याच्या आतल्या रिंगला बाहेरून एक बारीकशी कड असते त्यात कापड अडकून राहतं, आणि धातूचा स्क्रू असेल तर बरेच दिवस टिकतं, शिवाय धुता येतं. शिकणाऱ्या पोरींना रुमालावर साखळी टाका घालायला चालतंय की. माझ्या कामाचं ते नव्हतं एवढंच.

मग ऑनलाइन बांबूच्या रिंगांचा सेट मागवला, पाच नग, ४ इंचापासून १२ इंचापर्यंत, साडेतीनशेच्या आसपास पडला. पार्सल उघडलं तर सासूबाई बाजूलाच डाळ निवडत बसलेल्या, १२ इंचाची रिंग उचलून म्हणतात, "हाई काय पीठनी चायनी शे का व?" मी म्हटलं नाही हो, भरतकामाची आहे. त्यांनी आयुष्यात पन्नास तरी गोधड्या शिवल्या असतील, जमिनीवर पसरून, गुडघ्याखाली दाबून, आणि टाके असे की मोजून घ्या. रिंगबिंग काही लागत नाही त्यांना. आमच्याकडे बंजारा बायकाही कवड्या-आरशांचं एवढं गच्च काम कापड हातात धरूनच करतात. धावदोऱ्याला आणि असल्या जाड कापडाच्या कामाला खरंच गरज नाही. पण फुलीच्या टाक्यात दोरा कमीजास्त ओढला गेला की कापड आक्रसतं आणि घरांची भोकं वाकडी होतात, आणि सॅटिनचा टाका, म्हणजे शेजारी शेजारी लांब टाके घालून भरलेला, तर ढिल्या कापडावर घातला की नंतर त्याला सुरकुत्या पडणारच, मग कितीही इस्त्री फिरवा.

तर बांबूच्या रिंगा. पाचपैकी दोन चांगल्या निघाल्या, ६ आणि ८ इंचाची. बाकीच्यांत आतली रिंग गोल आणि बाहेरची अंड्यासारखी, मग दोन ठिकाणी घट्ट आणि मध्ये फट. दुकानात घेणार असाल तर एक करा, दोन्ही रिंगा एकात एक बसवा, स्क्रू आवळा आणि उजेडाकडे धरून बघा, मध्ये कुठे उजेडाची रेघ दिसली तर तिथून कापड सुटणार म्हणजे सुटणार. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या. ऑनलाइनमध्ये हे बघता येत नाही हीच बोंब आहे, मी विक्रेत्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं की बांबू नैसर्गिक असल्यामुळे थोडा फरक असतो. थोडा म्हणजे माझं नख आरपार जात होतं. स्क्रू पण बघून घ्या, जाड पितळी आणि डोक्यावर खाच असलेला असेल तर बेस्ट, शेवटचा अर्धा फेरा स्क्रूड्रायव्हरने देता येतो.

आता खरी युक्ती सांगते, ही माझ्या आत्याकडून आली आणि ही कळली नसती तर मी बांबूलाही शिव्या देत बसले असते. आधी रिंगेवरून बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, नाहीतर बांबूची कुसळं धाग्यात अडकतात. मग परकराची सुती चपटी नाडी घ्यायची, गोल नाही, चपटीच, आणि आतल्या रिंगला तिरकी तिरकी गुंडाळत न्यायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढला पाहिजे, आणि शेवट रिंगेच्या आतल्या अंगाला दोन टाके घालून पक्का करायचा, बाहेरच्या अंगाला गाठ आली तर तिथेच फुगवटा येतो. बस, एवढंच. नाडीने कापड घसरत नाही, बारीकसारीक फट भरून निघते आणि कापडावर रिंगेचा वळही कमी उठतो. ८ इंचाच्या रिंगला माझी साडेतीन मीटर नाडी लागली, दहा-पंधरा मिनिटांचं काम. नाडी लावायच्या आधी अर्ध्या तासाने बोटाने टिचकी मारली की कापड गप्प असायचं, नाडी लावल्यावर तासाभराने पण ढोलकीसारखं टण्ण वाजायचं. मी तेव्हापासून प्रत्येक रिंग आणि फ्रेमला हीच परीक्षा लावते. बसवताना तर सगळ्यांतच कापड ताठ बसतं हो, तासाभराने काय होतं ते बघा.

ताणायची पण पद्धत आहे. आतली रिंग टेबलावर, वर कापड, वर बाहेरची रिंग, स्क्रू अर्धवट आवळायचा, मग कापड उभ्या धाग्यात आणि आडव्या धाग्यात सरळ ओढायचं आणि मगच स्क्रू पूर्ण पिळायचा. कोपऱ्यातून तिरकं ओढलंत की विणच सरकते, आणि रिंग काढल्यावर तुमचा सरळ चौकोन पतंगासारखा दिसतो. माझा एक उशीचा अभ्रा असाच गेलाय. आणि उजव्या हाताने भरत असाल तर स्क्रू वर डावीकडे ठेवा, घड्याळात दहा वाजतात त्या जागी, म्हणजे दोरा त्याला सारखा अडकत नाही.

साइजबद्दल एक चूक सगळेच करतात, मीही केली, की मोठी रिंग म्हणजे सारखी सारखी हलवायला नको. १२ इंचाची घेतली तर मधलं कापड ढिलं पडतं आणि डाव्या हाताची बोटं खालून मध्यापर्यंत पोचतच नाहीत, मनगट मात्र भरून येतं. साधारण बायकांच्या हाताला ६ ते ७ इंच, फार तर ८, त्यापुढे हातात धरायच्या भानगडीत पडू नका.

मग मधेच एक स्प्रिंगवाली घेतली, बाहेर प्लास्टिकची खाचवाली रिंग आणि आत तारेची, दोन कान दाबले की निघते, सोडले की बसते. शिलाई मशीनखाली सरकवायला मस्त आहे कारण चपटी असते, पातळ कॉटनवरही ठीक. आयडावर मात्र दोनदा उडाली, एकदा तर पार चहाच्या कपात. पुढचा प्रकार.

पाइपची फ्रेम! यावर मी फिदा होते, आणि अजून अर्धी आहेच. चार प्लास्टिकचे पाइप, चार एल्बो म्हणजे कोपऱ्याचे जोड, चौकोन जोडायचा, वर कापड टाकायचं आणि अर्धे कापलेले पाइप क्लिपसारखे वरून दाबायचे, टकाटक बसतात, आणि क्लिप बाहेरच्या बाजूला जरा फिरवली की कापड ताणलं जातं. वजन काहीच नाही, प्रवासात सुटी करून पिशवीत टाकता येते, मी सुरतच्या गाडीत बसून भरलंय यावर. ११ बाय ११ ची मला ७०० च्या वर पडली, डिलिव्हरीसकट. टिचकीच्या परीक्षेत मात्र मध्यम, म्हणजे पाऊण तासाने क्लिपा परत फिरवाव्याच लागतात. आमचा शेजारी प्लंबर आहे, तो म्हणाला वहिनी हे मी तुम्हाला दीडशेत करून दिलं असतं, आणि खरंच एल्बो-पाइप तेच आहेत, पण क्लिपा त्याला जमल्या नाहीत, एकतर बसायच्याच नाहीत नाहीतर बसल्या की निघायच्या नाहीत. क्लिपसाठीच पैसे द्यावे लागतात बहुतेक.

पण आपलं चित्र १२ इंच रुंद. ११ च्या फ्रेममध्ये आतली जागा अजून कमी, त्यामुळे झोक्याची दोरी निम्मी आत आणि निम्मी क्लिपखाली. भरून झालेल्या फुल्यांवर क्लिप किंवा रिंग आली तर एकवेळ चालून जातं, धुतलं की टाके परत वर येतात, पण गाठीचे टाके आणि मणी दबले की दबले. माझ्या झाडाच्या निंबोळ्या सगळ्या गाठीच्या टाक्याच्या.

शेवटी रोलरची फ्रेम करायची ठरवलं. ऑनलाइनवर चांगल्या लाकडाच्या दोन-अडीच हजारांच्या खाली दिसेनात, म्हणून मोबाइलवर फोटो घेऊन गल्लीतल्या सुतार मिस्त्रीकडे गेले. त्यांनी फोटो उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "हाऊ काय पायना शे का ताई?" पाळणा वाटला त्यांना. मग बसून सगळं समजावलं, वर-खाली दोन गोल दांडे, दोन्ही बाजूंना पट्ट्या, दांड्यांच्या टोकाला बोल्ट आणि हाताने फिरवायचा पंखवाला नट. दांडे त्यांनी जुन्या पडद्याचे वापरले, पट्ट्या सागाच्या उरलेल्या तुकड्यांच्या, मजुरीसकट ६०० रुपये. दांड्यांवर त्यांनी जाड कापडाची पट्टी खिळ्यांनी ठोकून दिली, त्या पट्टीला आपलं कापड वरून आणि खालून धावदोऱ्याने शिवायचं, दांडे फिरवून ताणायचं आणि नट आवळायचे. एक भाग भरून झाला की गुंडाळून पुढे सरकायचं. गाठीचे टाके गुंडाळीत यायच्या वेळी मध्ये मऊ फडका घालते.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. रोलरने कापड फक्त वर-खाली ताणलं जातं, डाव्या-उजव्या बाजू ढिल्याच राहतात. पहिले चार दिवस मी मिस्त्रींना मनातल्या मनात नावं ठेवून राहिले होते, चूक त्यांची काहीच नव्हती. बाजूंना जाड सुती दोऱ्याने कापडाची कड आणि बाजूची लाकडी पट्टी यांच्यामध्ये नागमोडी बांधून घ्यायचं, खाट दोरीने आवळतात तसं. तसं केल्यावर टिचकी मारली तर दोन तासांनीही आवाज तोच. शिवाय एक बाजू टेबलाच्या कडेला आणि एक मांडीवर टेकवली की दोन्ही हात मोकळे, उजवा वर आणि डावा खाली, सुई सरळ खाली जाते सरळ वर येते. पहिले दोन दिवस खालचा हात आंधळ्यासारखा चाचपडत होता, मग सवय झाली आणि स्पीड जवळजवळ दुप्पट झाला. तोटा म्हणाल तर जागा खाते, कापड शिवायला-उसवायला अर्धा तास जातो, छोट्या कामाला अजिबात घेऊ नका. आरी वर्कवाल्यांचा (आकड्याच्या सुईने भरणाऱ्यांचा) अड्डा, म्हणजे मोठी लाकडी चौकट, याच नात्यातला, त्यांना तर खाटेएवढा लागतो आणि कापड एकदम ताठ, कारण आरीचा आकडा दोरा खालून वर ओढतो, पण ते मी करत नाही तर त्यावर बोलत नाही.

आपल्याकडच्या हवेचं पण सांगायला पाहिजे. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ च्या घरात, त्यात लाइट गेली की हाताचा घाम थेट रिंगेला, आणि वरून धूळ. आठवड्यात रिंगेच्या कडेने मळकट गोल उमटतो आणि तो निघता निघत नाही. म्हणून रोज उठताना कापड रिंगेतून काढूनच ठेवायचं, आळस करायचा नाही, आणि कापडावर जुन्या मलमलचा तुकडा टाकून दोन्ही एकत्रच रिंगेत बसवायचे आणि मलमलचाच मधला भाग कापून खिडकी करायची, म्हणजे हात लागतो तो मलमलला. तरी वळ राहिलाच तर काम धुवून, जाड टॉवेलवर उलटं घालून, मागून ओलसर इस्त्री. नाडी पण वर्षातून एकदा बदला, परकराचीच तर आहे.

पैसे किती घालायचे विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्यांनी ६ किंवा ७ इंचाची एकच रिंग घ्यावी, उजेडाला धरून बघितलेली, आणि नाडी. बांबूऐवजी बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची जाड रिंग मिळाली तर दोनशे-अडीचशे जास्त देऊन घ्या, ती सहजी वाकडी होत नाही, मी ननंदेची वापरून बघितलीय आणि परत देताना जिवावर आलं. पाचच्या सेटच्या नादी लागू नका. पाइपची फ्रेम ज्यांना मोठी कामं आणि फिरती दोन्ही आहे त्यांनी. रोलर फक्त ज्यांच्या घरात एक कोपरा रिकामा आहे आणि ओळखीचा मिस्त्री आहे त्यांनी.

झोका अजून पूर्ण व्हायचाय, पोरगी झोक्यावर बसली पण तिचे पाय बाकी आहेत. आणि त्या सेटमधली १२ इंचाची वाकडी रिंग मी परवा फेकायला काढली तर जागेवर नाही. बघते तर सासूबाईंनी तिच्यात जुनं धोतर ताणून बसवलंय आणि गच्चीवर दुधाच्या पातेल्यावर झाकण घातलंय, माश्यांसाठी. नाडी न लावता. टिचकी मारून बघितली, टण्ण.