मशीन वाजलं, पण कशावर?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या पडक्या वाड्यात एक जण मशीन घेऊन आला. मीटरभर लांब पिवळी दांडी आणि वरच्या टोकाला स्पीकर. पणजीने दागिन्यांचा हंडा माजघरात पुरलाय, हे अण्णाकाका लहानपणापासून ऐकत आलेले. अकरा हजार आगाऊ दिले. गूगल पे मीच केलं, तेव्हा दोष कुणावर ढकलू?

कोपऱ्यात दांडी नेताच तिची गुणगुण चढत चढत किंचाळायला लागली. "अण्णा, खाली माल आहे!" अण्णांचे डोळे भरून आले.

तो चहाला बसला तेव्हा आत्याने गुपचूप दांडी उचलली. तांब्याच्या घंगाळाजवळ नेली, आवाज नाही. हातातल्या पाटल्यांजवळ धरली, तरी नाही. विळीजवळ मात्र ठणाणा! तिने त्याला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "आत्याबाई, सोनं पुरलेलंच लागतं, अंगावरचं नाही." आणि आम्ही माना डोलावल्या!

राखणदाराची शांत म्हणून आणखी नऊ हजार गेले. चार फुटांवर बैलगाडीच्या चाकाची गंजलेली लोखंडी धाव निघाली, शेजारी नांगराचा फाळ. "चोरांना चकवायला वर लोखंड पेरतात, अजून खाली चला." सात फुटांवर मुरूम लागला. मोठी मशीन आणतो म्हणून गेला, तो फोन बंद.

नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला असलेल्या मित्राला सगळं सांगितलं, तर तो हसतच सुटला. डांबराखाली गेलेली व्हॉल्व्हची लोखंडी झाकणं शोधायला हीच दांडी वापरतात म्हणे. आत दोन सेन्सर, एकमेकांपासून साधारण अर्ध्या मीटरवर. दोन्हीकडच्या चुंबकत्वात फरक पडला की आवाज चढतो, आणि तो फरक लोखंड-पोलाद पाडतं. सोनं, चांदी, तांबं, पितळ तिच्या गावीही नसतं. कुठलाही धातू पकडणारा मेटल डिटेक्टर वेगळा. मशीन खरंच होतं, खोटा तो माणूस.

पोलिसांत का गेलो नाही? 1878 च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. "बोललात तर तुम्हीच अडकाल," हे तो आधीच पेरून गेला होता. सापडलं काय होतं, तर धाव! तरी चार महिने गप्प बसलो. तक्रार आत्ता कुठे दिलीय.

खड्डा अजून तसाच आहे. अण्णा बुजवू देत नाहीत. म्हणतात, एकदा तो दुसरा डिटेक्टर आणून बघू.