कागद कापून दाखवला म्हणजे चाकू चांगला असतोच असं नाही

यंदाच्या मे महिन्यात मी दोन फोल्डिंगचे चाकू घेतले, एक मला आणि एक भाच्याला. दहाव्या दिवशी भाच्याचा चाकू काम करता करता मिटला आणि त्याच्या तर्जनीला तीन टाके पडले. चाकू मी निवडला होता, पैसे मी दिले होते. ‘मामानं आणलाय म्हणजे चांगलाच असणार’ म्हणून त्यानं तो बिनधास्त वापरला. हे मला फार लागलंय. दुसऱ्या कुणाच्या घरी असं होऊ नये म्हणून जे झालं ते सगळं लिहितोय.

मी नाटकांच्या लाइटचं काम करतो. केबल टाय, नायलॉनची दोरी, टेप, दिव्यांसमोर लावायचं रंगीत जिलेटिन, पुठ्ठ्याची खोकी, दिवसभर काही ना काही कापायचं असतं. माझा जुना स्विस चाकू बारा वर्षं खिशात होता. नाशिकच्या प्रयोगाहून येताना तो बसमध्ये कुठेतरी पडला. भाचा नुकताच माझ्या हाताखाली यायला लागला होता, त्यालाही एक हवा होता. दोघांचं मिळून तीन हजारांत भागवायचं ठरवलं.

फोर्टात एका गल्लीच्या तोंडाशी काचेची पेटी मांडून टॉर्च, लायटर, चाकू विकणारा एक जण बसायचा. माझं बोलणं ऐकून त्यानंच विचारलं, “कोकणातले काय दादा? मी पण राजापूरकडचा.” माझी अर्धी शंका तिथेच मिटली. पेटीतल्या चाकूवर एका नावाजलेल्या चिनी कंपनीचं नाव होतं आणि पात्यावर ‘डी-टू’ असं उमटवलेलं.

डी-टू हे मुळात साच्यांचं, डाय बनवायचं पोलाद. त्यात कार्बन साधारण दीड टक्का आणि क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास. नीट पाणी दिलेलं, म्हणजे तापवून विझवून कठीण केलेलं, असेल तर रॉकवेल मापात त्याचा कठीणपणा ५८ ते ६१ भरतो आणि धार बराच काळ टिकते. म्हणून हल्ली परवडणाऱ्या चाकूंमध्ये या नावाला फार भाव आहे. एवढं मला माहीत होतं, आणि त्या विक्रेत्याला ते दोन वाक्यांतच कळलं असणार.

त्यानं चाकू उघडला, वर्तमानपत्राचं पान एका हातात लटकवून त्याच्या बारीक पट्ट्या काढल्या. मनगटावरचे केस भादरून दाखवले. मग खिशातून लोहचुंबक काढून पात्याला लावलं, ते टक्कन चिकटलं. “बघा दादा, अस्सल पोलाद. भेसळ असती तर चिकटलं नसतं.” एकाचे २,२०० सांगितले, घासाघीस करून दोन २,८०० ला ठरले. पेटीखालून दोन बंद खोकी काढून त्यानं पिशवीत टाकली. बिल मागितलं तर म्हणाला, “बिलाचं काय दादा, मी रोज इथेच असतो.” गाडीची वेळ झाली होती. मी खोकी तिथे उघडली नाहीत. ती उघडायला हवी होती.

त्याचे तिन्ही प्रयोग काहीही सिद्ध करत नव्हते, हे मला नंतर कळलं. कागद आणि केस कापायला पोलाद चांगलं लागत नाही, धार ताजी लागते. डब्याच्या पत्र्यालाही धार लावली तर तो एकदा कागद कापेल. प्रश्न असतो तो ती धार किती दिवस राहते याचा, आणि ते पेटीसमोर उभं राहून दिसत नाही. लोहचुंबकाचं तर उलटंच. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच स्टीलच्या भांड्यांना ते चिकटत नाही म्हणून आपल्याला वाटतं, चिकटलं की काहीतरी वेगळं, भारी पोलाद आहे. पण पाणी देऊन कठीण करतात ती चाकूची पोलादं, स्वस्तातली काय आणि महागातली काय, जवळपास सगळीच चिकटतात.

तिसऱ्याच दिवशी माझ्या चाकूची धार गेली. नायलॉनच्या दोरीवर पातं नुसतं घसरायला लागलं. मला वाटलं, कारखान्यातून धारच नीट लावलेली नसेल. घरी दगडावर लावली, उत्तम लागली, अगदी पटकन लागली. तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण खरं डी-टू साध्या दगडावर इतक्या सहज धार धरत नाही, त्यावर बराच वेळ घासावं लागतं. दोन दिवसांत पुन्हा तेच.

आणि मग भाच्याचं बोट. प्रयोगाच्या आधी विंगेत तो एका खोक्यावरची प्लॅस्टिकची पट्टी कापत होता. पट्टीखाली टोक घालून त्यानं वर ओढलं, पट्टी तुटेना, म्हणून मनगटाला जरा पीळ दिला. पातं उघडं धरून ठेवणारी मुठीतली पत्र्याची पट्टी सरकली आणि पातं बोटावर मिटलं. तो ओरडलाही नाही, नुसता हात बघत राहिला. टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. त्या रात्रीचा प्रयोग मी कसा केला ते माझं मला माहीत.

चाकू उघडल्यावर मुठीच्या आतली एक पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेका देते, आणि त्या टेक्यावरच पातं उभं राहतं. इंग्रजीत त्याला लायनर लॉक म्हणतात, मी खटका म्हणतो. आमच्या दोन्ही चाकूंत ही पट्टी बुडाच्या जेमतेम कडेला टेकत होती, नखाएवढाही भाग आत जात नव्हता. शिवाय पातं उघडं असताना डावीउजवीकडे हललं की टक् टक् आवाज यायचा. हे दोन्ही मी पहिल्या दिवशी दोन मिनिटांत बघू शकलो असतो, पण मी धारेकडे बघत बसलो.

आमच्या परळला पायानं चाक फिरवून धार लावणारे एक काका येतात. माझा चाकू त्यांच्या हातात दिला. त्यांनी सहाणेला लावलाच नाही. पिशवीतून जुनी कानस काढली आणि पात्याच्या बुडाशी, जिथे धार नसते तिथे, एकदा ओढली. कानस खर्रकन चावली आणि पांढरी चमकती रेघ उठली, वर बारीक कीस. मग त्यांनी स्वतःच्या जवळच्या एका जुन्या पटाशीवर तीच कानस ओढली. ती काचेवरून जावी तशी घसरून गेली, ओरखडासुद्धा नाही. म्हणाले, “याला पाणीच नाही दिलेलं नीट. मऊ आहे. कितीदा धार लावाल?”

पात्यावर ‘डी-टू’ नाव कोरायला काही लागत नाही, हा त्यातला खरा मुद्दा. चिनी पोलादांच्या नावातच बरीचशी माहिती असते. ‘३सीआर१३’ म्हणजे कार्बन साधारण ०.३ टक्का आणि क्रोमियम १३ टक्के. ‘८सीआर१३एमओव्ही’ म्हणजे कार्बन ०.८ टक्क्याच्या आसपास. या दुसऱ्याचे स्वस्त चाकू प्रामाणिकपणे विकले जातात आणि रोजच्या कामाला ते ठीक असतात. मला कुणी तेच खरं नाव सांगून विकलं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती.

मी फोर्टात परत गेलो. त्यानं चाकू घेतला, म्हणाला, “दादा, धार गेलीय एवढंच, आत्ता लावून देतो.” छोट्या ग्राइंडरवर दोन मिनिटं धरला, वर्तमानपत्र लटकवलं आणि सरसर पट्ट्या काढल्या. भोवती चार माणसं जमली होती. त्यातला एक मलाच म्हणाला, “चांगला चालतोय की!” आणि माझ्यादेखत त्यानं तसलाच एक घेतला. मी खटक्याबद्दल, भाच्याच्या बोटाबद्दल बोलत होतो, पण कापलेल्या कागदापुढे कुणी ऐकेना. बिल नव्हतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा म्हटलं तरी कुणाविरुद्ध आणि कशाच्या आधारावर, हे मला धड सांगता आलं नसतं. आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, देश, एमआरपी छापलेली असावी लागते. घरी येऊन आमची खोकी पाहिली, त्यावर यातलं एकही नव्हतं.

तर घेताना खोकं तिथेच उघडा आणि तुम्हाला मिळणारा नगच हातात घ्या, दाखवायचा नको. पातं मिटवून वरून पाहा, ते मुठीच्या बरोबर मध्ये बसलंय का. उघडून अंगठा-बोटांत धरून हलवा. खटक्याची पट्टी बुडावर किती आत जाते ते उजेडात बघा. मग धार बाहेरच्या बाजूला राहील आणि बोटं पात्याच्या वाटेत येणार नाहीत असं धरून पात्याची पाठ लाकडावर हलकेच टेकवून दाबा, पट्टी जराही सरकली तर परत ठेवा. दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान बघा.

खिशात बाळगायचा म्हणून अजून एक. मेट्रोत बॅग तपासतात, तिथे अडचण येते. शहरात पोलिसांचे मनाई आदेश असतात तेव्हा चाकू जवळ बाळगणंही अंगाशी येऊ शकतं. बटण दाबून उघडणाऱ्या रामपुरी थाटाच्या चाकूच्या वाटेला कामगार माणसानं जाऊच नये.

मी आता ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा आठ नंबरचा चाकू घेतलाय, पक्क्या बिलावर. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीच लाकडाची मूठ आणि मानेवर फिरवायची स्टीलची कडी. ही कडी १९५५ पासून त्यांच्या चाकूंवर आहे आणि ती लागली की नाही हे डोळ्यांना दिसतं. आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं उघडायला जड जातं, तेवढं मी सोसतो. भाच्यालाही तसाच घेऊन दिला. त्याचं बोट आता पूर्ण वळतं, पण अजून तो कडी फिरवल्यावर दोनदा दाबून बघतो.

ते दोन चाकू कचऱ्यात टाकवेनात, कचरा वेचणाऱ्या कुणाच्या हाताला लागले असते. जाड हातमोजे आणि चष्मा घालून त्यांची पाती व्हाइसमध्ये धरली आणि पाइप घालून जोर लावला. ५८-६० कठीणपणाचं पातं तिथे फाटकन मोडलं असतं. ही दोन्ही वाकली, आणि वाकलेलीच राहिली.