ड्रीमवीव्हरवर आठ महिने: ‘न्यू साइट’ची खिडकी घाईत बंद करू नका

आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट मी आठ महिन्यांपूर्वी अडोबी ड्रीमवीव्हर या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर करायला घेतली. आज तिची चाळीसेक पानं झाली आहेत: विषयवार ग्रंथयादी, दिवाळी अंक योजना, व्याख्यानमालेचे फोटो. एवढ्या वापरानंतर ठामपणे सांगते, नव्या साइटची मांडणी करताना दिलेला पहिला अर्धा तास पुढचे कित्येक महिने कामी येतो.

सुरुवातीला मी ‘न्यू साइट’, म्हणजे साइटचं फोल्डर, सर्व्हर वगैरे नेमून देण्याची खिडकी, न भरताच कामाला लागले. पान डेस्कटॉपवर, फोटो डाउनलोड्समध्ये. माझ्या कॉम्प्युटरवर सगळं छान दिसलं, सर्व्हरवर चढवलं तर एकही फोटो नाही! पानात फोटोंचे पत्ते माझ्याच डिस्कवरचे लिहिले गेले होते. मग सगळं मोडून नव्याने मांडलं. साइटसाठी एकच फोल्डर, त्याच्या पोटात फोटोंचं वेगळं फोल्डर, आणि अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये तेच ‘डिफॉल्ट इमेजेस फोल्डर’ म्हणून नेमलं. आता बाहेरचा फोटो पानावर ओढला की त्याची प्रत आपसूक तिथे जाते. फाइल्स पॅनेलमध्ये फाइलचं नाव बदललं, की तिच्याकडे जाणाऱ्या सगळ्या लिंका बदलू का, असं ड्रीमवीव्हर विचारतं. ग्रंथयादीची पानं विषयवार वेगळी केली तेव्हा या एका सोयीने माझे कितीतरी दिवस वाचवले.

त्याच खिडकीत ‘केस-सेन्सिटिव्ह लिंक चेकिंग’ची चौकट आहे, तिच्यावर खूण कराच. विंडोज फाइलच्या नावातली लहानमोठी इंग्रजी अक्षरं एकच मानतं, लिनक्स सर्व्हर मानत नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोंच्या नावाचा शेवट मोठ्या लिपीत, पानात मात्र मी लहान लिपीत लिहिलेला. व्याख्यानमालेचं अख्खं पान त्यामुळे रिकामं दिसलं होतं.

सर्व्हरच्या टॅबमध्ये एसएफटीपी, म्हणजे फाइल्स सुरक्षितपणे सर्व्हरवर पाठवण्याची पद्धत, निवडली. ‘रूट डिरेक्टरी’, म्हणजे सर्व्हरवर साइट ज्या फोल्डरात जायची त्याची चौकट, मोकळी सोडू नका. होस्टिंगवाल्यांना विचारून त्यांच्या सार्वजनिक फोल्डरचं नाव तिथे लिहा आणि ‘टेस्ट’ दाबून बघा. मूळ मोठे फोटो ठेवलेल्या फोल्डरला ‘क्लोकिंग’ लावलं, म्हणजे ते चुकून वर जात नाहीत.

मराठी मजकुरासाठी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ ठेवलं, आणि पानाची भाषा मराठी असल्याची नोंद टेम्प्लेटमध्येच, म्हणजे सगळ्या पानांच्या सामाईक साच्यातच, करून टाकली. फॉन्ट मुक्त परवान्याचा घेतला. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. मी दीडपटीहून थोडं अधिक ठेवलं. वाचनालयाची वेळ बदलली तेव्हा टेम्प्लेटमध्ये एकदा दुरुस्ती केली, चाळीसही पानं बदलली आणि पुन्हा वर चढवली.

लहान संस्थेला वर्गणीचा खर्च जड जातो, हे खरं. दोनचार पानांसाठी मी हे सुचवणार नाही. पानं वाढत जाणार असतील आणि कोड आपल्या हातात हवा असेल, तर जरूर घ्या.

पुढच्या महिन्यापासून साइट आमचा नवा स्वयंसेवक सांभाळेल. ‘मॅनेज साइट्स’मधून सेटिंग्ज एक्सपोर्ट करून त्याला दिल्या. त्या वेळी दोन पर्याय येतात; दुसऱ्याला द्यायच्या सेटिंग्जमध्ये पासवर्ड जात नाही. तो मी त्याला समोर बसवून दिला.