ओब्रिगादु, वालेउ की बेंय आझा? पोर्तुगीजमध्ये आभार मानताना कोणता शब्द निवडावा

कोणी लिस्बनला शिकायला निघालंय, कोणाला साओ पावलोच्या ऑफिसशी रोज बोलावं लागतं, कोणी गोव्यात आजीची भाषा पुन्हा शिकू पाहतंय. तिघांनाही सगळ्यात आधी लागतो तो आभाराचा शब्द. पण तिघांनी एकच शब्द घ्यावा असं मला वाटत नाही.

एकच पाठ करायचा असेल तर 'ओब्रिगादु'. पोर्तुगाल असो की ब्राझील, दुकानदार असो की प्राध्यापक, तो कुठेही चालतो. मूळ अर्थ 'बांधला गेलेला'. तुम्ही माझ्यासाठी काही केलंत, मी तुमच्याशी बांधला गेलो. आपल्या 'ऋणी आहे'च्या अगदी शेजारचा. म्हणूनच तो बोलणाऱ्याप्रमाणे बदलतो: पुरुष 'ओब्रिगादु' म्हणतो, बाई 'ओब्रिगादा', मग समोर कोणीही असो. इंग्रजीच्या वाटेने शिकणाऱ्यांना हे जड जातं. आपल्याला 'मी येतो' आणि 'मी येते' लहानपणापासून अंगवळणी पडलेलं आहे, तेच इथे लावायचं. ब्राझीलमध्ये काही बायकाही बोलताना 'ओब्रिगादु' म्हणतात. शिकणाऱ्याने मात्र नियमच धरावा.

मराठी माणसाची चूक होते ती पुढे. 'मदतीसाठी आभार' म्हणताना 'साठी' डोक्यात असतो आणि तोंडून 'पारा' निघतो. तिथे 'पोर' हवा, आणि पुढच्या स्त्रीलिंगी शब्दाशी जुळून त्याचा 'पेला' होतो: 'ओब्रिगादा पेला आझुदा'. (हा 'झ' 'झाड'मधला नव्हे, इंग्रजी 'व्हिजन'मधल्यासारखा मऊ.)

'वालेउ' ब्राझीलचा. शब्दशः 'मोलाचं ठरलं'. मित्र, टॅक्सीवाला, बरोबरीचे सहकारी यांच्यात तो मोकळा आणि गोड वाटतो. साहेबांना पाठवायच्या पहिल्या ईमेलमध्ये नको. लिस्बनमध्ये तो समजेल, पण ब्राझिली वाटेल.

लिहिताना 'आग्रादेसु', म्हणजे 'मी आभार मानतो' किंवा 'मानते'. क्रियापद असल्याने लिंगाची भानगडच नाही, म्हणून अर्ज-विनंतीच्या पत्रांत मला तो सगळ्यात भरवशाचा वाटतो. 'ग्रातु'ही पत्राच्या शेवटी शोभतो, पण बाईने लिहिताना 'ग्राता'.

आणि माझा सगळ्यात लाडका, 'बेंय आझा'. पोर्तुगालच्या आतल्या डोंगराळ बेइरा भागात, विझेउ-ग्वार्दाकडे, तो विशेष ऐकू येतो. 'तुमचं भलं होवो' असा त्याचा भाव. म्हणजे 'ओब्रिगादु' म्हणताना माणूस स्वतःला बांधून घेतो, 'बेंय आझा' म्हणताना समोरच्याला आशीर्वाद देतो. गोव्यातल्या कोंकणीत आभारासाठी 'देव बरें करूं' म्हणतात. गोवेकराला किंवा सिंधुदुर्गातल्या माणसाला हा भाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या भागात राहायला जात असाल तर जरूर शिका, म्हातारी माणसं सुखावतील. ब्राझीलला जाणाऱ्याने त्यावर वेळ घालवू नये.

'ओब्रिगादिन्यु' हे लाडिक रूप मात्र नवख्याने टाळावं. पोर्तुगालमध्ये स्वराच्या जराशा फरकाने ते टोमण्यासारखं लागू शकतं.

उत्तरही तयार असू द्या. 'काही नाही हो' या अर्थाचं वाक्य लिस्बनमध्ये 'द नादा' असं ऐकू येतं, तर रिओत 'जी नादा'. पोर्तुगालच्या दुकानांत 'ओब्रिगादु एउ' म्हणतात, म्हणजे 'आभार तर मीच मानायचे'. ब्राझिली माणूस 'इमाझिना' म्हणतो, आपण 'छे, त्यात काय एवढं' म्हणतो तसं.

आता शब्दापेक्षा सवय जास्त अवघड. आपण घरात आभार मानत नाही. आईला 'धन्यवाद' म्हटलं तर परकं केल्यासारखं वाटतं. पोर्तुगीज घरात तसं नाही. तिथे कोणाकडे राहत असाल तर ताट वाढणाऱ्या माउलीलाही रोज 'ओब्रिगादु' किंवा 'ओब्रिगादा' म्हणा. त्यांच्या मुलीही 'ओब्रिगादा, मांय' असंच म्हणतात, आणि हा 'मांय' आपल्या 'माय'सारखाच कानावर पडतो.