क्रॉप कव्हर की पाणी? थंडीत स्ट्रॉबेरीला काय बरं पडतं

महाबळेश्वरात वेण्णा लेक, लिंगमळ्याकडं डिसेंबर-जानेवारीत दव गोठून पानांवर पांढरा थर बसतो आणि मग सगळ्यांचा एकच प्रश्न, कव्हर टाकायचं का नुसतं पाणी द्यायचं.

पाणी स्वस्त पडतं हे खरंय. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री हळूहळू सोडते, त्यामुळं संध्याकाळी ड्रिप चालवून बेड (लागवडीचे उंच वाफे) ओले ठेवले तर फरक पडतोच, पहाटे द्यायचं म्हटलं तर विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं पण तेव्हा लाइट पाहिजे ना! आणि पाणी जास्त झालं की मुळं कुजतात, फळाला बुरशी लागते.

कव्हर म्हणजे पांढरं नॉन-वोव्हन (न विणलेलं) कापड, हाताला अगदी हलकं लागतं. जमिनीतनं निघणारी ऊब आत अडते, दव पानाऐवजी कापडावर पडतं. फक्त ते पानाला टेकू द्यायचं नाही, जिथं टेकतं तिथंच पान करपतं, म्हणून बांबूच्या कांब्या कमानीसारख्या वाकवून वर ताणायचं आणि कडा मातीनं नीट दाबायच्या. खर्च आहे, रोजची उघडझाक आहे, मजूर मिळत नाहीत तेव्हा तर जीव जातो. तरी फुलावर आलेल्या बेडला मी कव्हरच म्हणेन, कारण गारठ्यानं फुलाचा मधला भाग काळा पडला की त्याचं फळ गेलंच. नुसत्या पानावरच्या रोपांना पाणी पुरतं.

आणि ऊन वर आलं की कव्हर काढाच, मधमाशी फुलापर्यंत पोचली नाही तर फळ वेडंवाकडं येतं.