दोन टीबीचा ड्राइव्ह, आत ६४ जीबीचं कार्ड

'२ टीबी पोर्टेबल एसएसडी' (म्हणजे सोबत नेता येणारा, चिपवर साठवणारा, दोन हजार जीबीचा वेगवान ड्राइव्ह) असं लिहिलेली, अडीच हजारांच्या आत मिळणारी ॲल्युमिनियमची चपटी डबी ऑनलाइन दिसली तर घेऊ नका. घेतलीच असेल तर आजच तपासा आणि तपासताना शेवटी टाकलेल्या फायली उघडून बघा. पहिल्या बहुतेकदा उघडतात. हा सगळा धंदा त्या पहिल्या फायलींवरच चालतो.

आमचा सांगलीत मारुती चौकाच्या बाजूला फोटो स्टुडिओ आहे. नवरा शूटिंग करतो, मी एडिटिंग, अल्बमचं डिझाइन आणि हिशेब बघते. २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी आलं, २०२१ ला पुन्हा आलं. तेव्हापासून प्रत्येक लग्नाच्या दोन कॉप्या करायच्या, एक दुकानात आणि एक विश्रामबागेत नणंदेच्या घरी, हे ठरलेलं आहे. दोन्ही कॉप्या झाल्या की कॉम्प्युटर मोकळा करायचा आणि कार्डं पुढच्या लग्नाला. सीझनमध्ये दुसरा इलाजच नसतो. एका लग्नात एका कॅमेऱ्यावर अडीच-तीन हजार क्लिक सहज होतात, एकेक रॉ फाइल पंचवीस-तीस एमबीची, म्हणजे व्हिडिओ सोडूनही सत्तर-ऐंशी जीबी झाले.

२०२४ च्या दिवाळी सेलमध्ये आम्ही असे दोन ड्राइव्ह मागवले. एकाची किंमत २,३९९ आणि जोडी घेतली तर आणखी दोनशे कमी. साधी दोन टीबीची हार्ड डिस्कसुद्धा तेव्हा सहा हजारांच्या घरात होती, मग एसएसडी एवढी स्वस्त कशी, असं नवऱ्यानं विचारलं होतं. पण पानावर 'लॉन्च ऑफर', चार तारे आणि हजारावर रिव्ह्यू. नंतर मी ते रिव्ह्यू निवांत वाचले. अर्ध्याअधिक लोकांनी 'काच नीट बसली', 'बुडबुडे येत नाहीत' असं लिहिलं होतं! मोबाइलच्या स्क्रीनगार्डचं जुनं पान, त्यातली वस्तू बदलून हा ड्राइव्ह टाकलेला. तारे मात्र तसेच राहिले. उरलेले रिव्ह्यू ड्राइव्हचेच होते आणि त्यांत खोटं काही नव्हतं. 'छान आहे, दोन सिनेमे टाकले, चालतात' असं लिहिणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते खरंच असतं, कारण दोन सिनेमे ६४ जीबीत मावतात.

ड्राइव्ह आले ते दिसायला झकास. हाताला जड, निळ्या रंगाचं यूएसबी ३ चं सॉकेट, बारीक लुकलुकणारा दिवा. विंडोजमध्ये १.९५ टीबी दिसत होते. खऱ्या दोन टीबीच्या ड्राइव्हवर विंडोज १.८१ दाखवतं, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. तेव्हा जास्त दिसले म्हणून आम्हाला बरंच वाटलं होतं. कॉपीच्या वेगाचा आकडा पहिली काही सेकंदं जोरात पळायचा आणि मग सेकंदाला अकरा-बारा एमबीवर येऊन बसायचा. खोक्यावर पाचशे छापलेले. रात्री झोपताना लावायचं, सकाळी उठून बघायचं तर झालेलं असायचं. एकदाही एरर आली नाही.

हे कळलं ते आषाढात, कामं थंड असताना. डिसेंबरमधल्या एका लग्नाच्या घरच्यांनी अल्बमचे फोटो तेव्हा निवडून आणले. (लोक फोटो निवडायला किती वेळ लावतात ते फोटोग्राफरलाच विचारा. आमच्याकडे बाळाच्या बारशाला आलेलं जोडपं लग्नाच्या अल्बमची यादी घेऊन आलेलं आहे.) मुलीच्या आईनं व्हॉट्सॲपवर नंबरांची यादी पाठवली. मी ड्राइव्ह लावला. साखरपुड्याचे फोटो उघडले, हळदीचे सगळे उघडले, अंतरपाटापर्यंत सगळं ठीक. अक्षता पडल्यापासून पुढची एकही फाइल उघडेना. नावं होती, तारीख-वेळ होती, साइज २७ एमबी वगैरे बरोबर होती. पुढची लग्नं बघितली तर फोल्डरं आहेत आणि आत काहीच नाही, 'हे फोल्डर रिकामं आहे'. गंमत म्हणजे त्याच ड्राइव्हवर ४०० जीबीहून जास्त जागा भरलेली दिसत होती.

नणंदेकडचा ड्राइव्ह आणवला. तोही तसाच, त्याच लग्नात, जवळपास त्याच ठिकाणी तुटलेला.

इथून दुसरी फसवणूक सुरू होते, म्हणून हे नीट वाचा. गावातल्या एका दुकानदारानं ड्राइव्ह हातात घेतला, लावूनही बघितला नाही आणि म्हणाला, "वहिनी, करप्ट झालंय. चौदा हजार पडतील, निम्मे आता द्या." नशीब की नवरा कोल्हापूरला डेटा रिकव्हरी करणाऱ्या एका मुलाला ओळखत होता. त्यानं आधी एक न उघडणारी फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलच्या आतला कच्चा डेटा दाखवणारा प्रोग्राम) उघडून दाखवली. चांगल्या फाइलमध्ये आकडे आणि अक्षरांचा गोंधळ दिसतो. इथे वरपासून खालपर्यंत शून्य, शून्य, शून्य, स्क्रोल करत जा, शेवटपर्यंत शून्यच. "ताई, हे बिघडलेलं नाही. हे इथे कधी लिहिलंच गेलं नाही. जे लिहिलंच नाही ते मी कुठून काढू?" त्यानं पैसे घेतले नाहीत, फक्त एक ड्राइव्ह फोडायची परवानगी मागितली.

आत स्क्रू नव्हताच, नुसतं चिकटवलेलं होतं. झाकण निघाल्यावर नखाएवढ्या हिरव्या बोर्डावर मोबाइलमध्ये घालतात तसलं ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड, वर गरम गोंदाचा गोळा आणि बाजूला नुसती लोखंडाची पट्टी. ती पट्टी वजनासाठी! निळ्या सॉकेटच्या मागे तारांची जोडणी जुन्या, संथ यूएसबी २ चीच होती आणि कार्डही हळू, म्हणून तो अकरा-बाराचा वेग.

त्यानं समजावलं ते असं. ड्राइव्हमधल्या कंट्रोलर चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम असतो आणि आपण केवढे आहोत हे तोच कॉम्प्युटरला सांगतो. कॉम्प्युटर ते तपासत नाही, विश्वास ठेवतो. या लोकांनी तो प्रोग्राम बदलून '६४ जीबी' ऐवजी 'दोन टीबी' सांगायला लावलंय. खरी जागा संपेपर्यंत सगळं खरंच लिहिलं जातं. संपल्यावर कंट्रोलर पुढचा डेटा घेतो, 'मिळाला' म्हणतो आणि टाकून देतो. काही ड्राइव्ह टाकून न देता सुरुवातीच्या फायलींवरच नवं लिहितात, त्यांत तर पहिलंही जातं. किती जागा भरली याचा हिशेब ड्राइव्हच्या सुरुवातीलाच लिहिलेला असतो, म्हणून तो खऱ्या भागात टिकतो आणि आकडा बरोबर दिसतो. पहिल्या लग्नाच्या फायलींची यादीही सुरुवातीलाच बनली, म्हणून नावं दिसतात. पुढच्या लग्नांच्या याद्याच खोट्या जागेत गेल्या, म्हणून फोल्डर रिकामं. कॉपी झाल्या झाल्या फाइल उघडून बघितली तरी बऱ्याचदा उघडते, कारण विंडोज ती आपल्या मेमरीतून दाखवतं. ड्राइव्ह काढून परत लावल्याशिवाय खरं कळत नाही.

आता परत करायची मुदत बघा, सात दिवस. घरगुती माणसाचे ६४ जीबी सात दिवसांत भरत नाहीत, कित्येकांचे वर्षभरात भरत नाहीत. भरले तरी जुन्या फायली कोण उघडून बघतो? बॅकअप लागतो तो मूळ गेल्यावर. कार्ड जेमतेम पाच-सहाशेचं, विकलं चोवीसशेला, आणि तक्रार येईपर्यंत विक्रेता नाव बदलून मोकळा. माझ्या मते ठगानं हिशेब ड्राइव्हचा केलेला नाही, त्या सात दिवसांचा केलाय. म्हणून सांगते, कुठलाही ड्राइव्ह, ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेलासुद्धा, परत करायच्या मुदतीतच एकदा काठोकाठ भरून परत वाचून बघा.

यासाठी फुकटचे प्रोग्राम आहेत. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, एका जर्मन कॉम्प्युटर मासिकाकडून आलेलं, जुनं पण चोख. ते एकेक जीबीच्या फायली लिहीत ड्राइव्ह भरतं, मग सगळ्या वाचून किती खरं आणि किती गेलं ते सांगतं. लिनक्स आणि मॅकवर एफथ्री आहे. दोन टीबीच्या खऱ्या हार्ड डिस्कला लिहायला पाच-सहा तास आणि वाचायला तेवढेच लागतात, तेव्हा रविवारी लावून द्या. एवढा वेळ नसेल तर गिब्सन रिसर्च या कंपनीचं व्हॅलिड्राइव्ह ड्राइव्हभर ठिकठिकाणी थोडं थोडं लिहून-वाचून बघतं आणि थोड्या वेळात उत्तर देतं. आमच्या न फोडलेल्या ड्राइव्हवर ते लावलं तेव्हा वरचा छोटासा पट्टा हिरवा आणि बाकी पडदा लाल झाला.

आणि दोन्ही कॉप्यांचे ड्राइव्ह एकाच विक्रेत्याकडून, एकाच खोक्यातून घेऊ नका. पुरापासून वाचायला आम्ही दोन घरं केली, पण माल एकच होता.

हार्ड डिस्कमध्ये वेगळा प्रकार चालतो, तोही सांगून टाकते. जुनी, वापरून झालेली डिस्क नव्या केसिंगमध्ये घालून नवी म्हणून विकतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली ते, बघा, नव्या डिस्कवर तो आकडा शून्याच्या आसपास हवा. पण तोही पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत नव्या म्हणून विकलेल्या मोठ्या डिस्क हजारो तास चाललेल्या निघाल्या. वरचा आकडा शून्य केलेला होता, डिस्कच्या आतल्या दुसऱ्या नोंदीत खरे तास सापडले. डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून मोजलीय ते बघणं त्यातल्या त्यात सोपं.

पैशांचं म्हणाल तर ते मिळाले. साइटच्या कस्टमर केअरनं आधी 'मुदत संपली' एवढंच पालुपद लावलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो, फक्त तो पार तळाशी बारीक अक्षरांत असतो. तिथे लेखी पाठवलं, सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवलं. तक्रारीत 'ड्राइव्ह खराब निघाला' असं लिहू नका, खराबाला मुदत लागू करतात. 'वर्णनातली क्षमता खोटी, वस्तू बनावट' असं लिहा, टेस्टच्या निकालाचा फोटो जोडा. त्याआधी विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या, विक्रेत्याचं नाव-पत्ता दिसेल असे. आमचं पान तक्रारीनंतर गायबच झालं. मधे विक्रेत्याचा मेसेज आला होता, अर्धे पैसे देतो, रिव्ह्यू काढा. काढला नाही. पैसे परत आले नसते तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होतो. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा, आणि तो ऑनलाइनही होतो.

फोटोंचं असं झालं की निवडीसाठी घरच्यांना पेन ड्राइव्हवर लहान जेपीजी दिलेले होते, लांब बाजू २०४८ पिक्सेलची. अल्बमची शीट १२ बाय ३६ इंचांची. पूर्ण शीटभर एक फोटो पसरला तर इंचाला सत्तावन्न पिक्सेल येतात, म्हणजे चेहरा धूसर. मग एका शीटवर सहा-सहा, आठ-आठ छोटे फोटो लावले, मोठ्या शीटला हळद आणि साखरपुडा घेतला. मुलीच्या आईला सगळं खरं सांगितलं, बिल कमी केलं. त्या रागावल्या, पण अल्बम घेऊन गेल्या. बाकीच्यांपैकी एका लग्नाचं रिसेप्शन परत मिळालं, कारण त्या दिवशीचं एक कार्ड फॉरमॅट होऊन बॅगेत तसंच पडलेलं होतं. फोटोरेक नावाच्या फुकटच्या प्रोग्रामनं त्यातून बहुतेक फोटो निघाले.

तेव्हा असा ड्राइव्ह तुमच्याकडे निघाला तर कॅमेऱ्याची, मोबाइलची जुनी कार्डं शोधा आणि त्यांत नवीन काही भरू नका. फॉरमॅट झालेलं कार्ड पुन्हा भरेपर्यंत त्यातलं बरंच शाबूत असतं. ड्राइव्हवर जे उघडतंय ते दुसरीकडे काढून घ्या. विंडोज 'दुरुस्त करू का' विचारेल, नाही म्हणा. रिकव्हरीवाला आगाऊ पैसे मागत असेल तर आधी एका न उघडणाऱ्या फाइलच्या आत काय आहे ते दाखवायला लावा. शून्यच असतील तर खिशात हात घालू नका. आणि ड्राइव्ह फेकू नका, कुणाला विकूही नका, तक्रारीत पुरावा तोच आहे.