.४४-४०: आधी कार्बाइन घ्यावी की रिव्हॉल्वर?

टेक्सासमधील आमच्या भागात ‘काउबॉय ॲक्शन’ नेमबाजीत, म्हणजे जुन्या काउबॉय काळातल्या धाटणीच्या हत्यारांच्या स्पर्धेत, नव्याने उतरणाऱ्याला बाकीची हत्यारे काही महिने उसनी मिळतात. अडते ते पहिले पैसे कशात घालावेत, यापाशी. .४४-४० या काडतुसावर मन बसलेले असेल, तर रिव्हॉल्वर की कार्बाइन (आखूड नळीची रायफल) ही निवड अधिकच अवघड होते, कारण १८७३ साली विंचेस्टरच्या रायफलसोबत आलेले हे काडतूस १८७८ पर्यंत कोल्टच्या रिव्हॉल्वरमध्येही जाऊ लागले होते, आणि कमरेच्या एकाच पट्ट्यातून दोन्ही भरता येणे ही त्याची मूळ पुण्याई आहे. मी आधी रिव्हॉल्वर घेतले आणि दीड वर्षाने कार्बाइन.

वेगाबद्दल बोलायचे, तर २०० ग्रेनची (सुमारे १३ ग्रॅमची) गोळी साडेसात इंची रिव्हॉल्वरमधून ढोबळमानाने सेकंदाला ९०० फुटांच्या आसपास निघते आणि २० इंची कार्बाइनमधून १,२०० च्या आसपास. काडतुसातली दारू (बारूद) बदलली की आकडे थोडे हलतात. स्पर्धेच्या मर्यादा अनुक्रमे १,००० आणि १,४०० फुटांच्या असल्याने नियमांची अडचण सहसा येत नाही. नळ्यांची तुलना करताना मात्र रिव्हॉल्वरची नळी सिलिंडरच्या (काडतुसे बसतात त्या फिरत्या भागाच्या) पुढून मोजतात आणि रायफलची चेंबर (काडतूस बसते ती जागा) धरून, हे विसरू नये. म्हणजे साडेसात आणि वीस यांतील अंतर दिसते तेवढे मोठे नाही. उलट सिलिंडर आणि नळी यांमधील फटीतून थोडा वायू निसटतो, तो तोटा रिव्हॉल्वरच्याच खाती पडतो. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, तरी गोळीची ऊर्जा पाऊणपटीहून अधिक वाढते, हेही लक्षात घ्यावे.

माझ्याकडे वेग मोजण्याचे यंत्र आहे, पण काळ्या दारूच्या (जुन्या पद्धतीच्या, खूप धूर करणाऱ्या बारुदीच्या) धुरात ते मनाला येईल ते आकडे दाखवते, म्हणून मी कानावर विसंबतो. शंभर यार्डांवरच्या पोलादी पत्र्यावर रिव्हॉल्वर झाडले, की बार होतो, मग एक छोटासा अवकाश जातो आणि तेव्हा कुठे ‘ठण’ असे ऐकू येते. कार्बाइनच्या बाबतीत तो अवकाश आखडल्याचे स्पष्ट जाणवते. हे मोजमाप नव्हे, हे मला मान्य आहे.

आधी कार्बाइन घ्यावी, हा माझा निर्णय मात्र वेगावरून झाला नाही, काजळीवरून झाला. काळी दारू वापरली, की रिव्हॉल्वरच्या त्याच फटीतून उडालेली काजळी सिलिंडरच्या आसावर बसते आणि तिसऱ्या फेरीपर्यंत सिलिंडर जड फिरू लागते. एका स्पर्धेत रिव्हॉल्वरचा घोडा अर्ध्यावरच अडकला, अंगठ्याने सिलिंडर ढकलत मी उरलेल्या दोन गोळ्या झाडल्या, आणि तो काळा अंगठा घरी लिंबू लावूनही दोन दिवस तसाच राहिला. आस पुसून त्यावर वंगण लावले की काम भागते, हे खरे. पण दर दोन फेऱ्यांनी ते करत बसण्याचा मला मनापासून कंटाळा आहे.

कार्बाइनमध्ये .४४-४० च्या पुंगळीचे (काडतुसाच्या पितळी नळकांड्याचे) पातळ तोंड फुलून चेंबरला घट्ट चिकटते आणि धूर मागे येऊ देत नाही. माझ्या शेजारी .४५ कोल्टची कार्बाइन चालवणारे गृहस्थ प्रत्येक फेरीनंतर चष्मा पुसतात, मी पुसत नाही. कार्बाइनलाही खोड आहे: गोळीवर वंगण कमी असेल, तर नळीच्या शेवटच्या काही इंचांत काजळी कोरडी होऊन नेम बिघडतो, आणि तेच पातळ तोंड काडतूस पुन्हा भरताना जरा घाई केली की चुरगळते. अशा पुंगळ्यांचा माझ्याकडे एक डबा भरला आहे.

केवळ बिनधुराची दारू वापरणार असाल, हात लहान असतील किंवा जागा पंचवीस यार्डांचीच असेल, तर रिव्हॉल्वर आधी घेण्यात काही चूक आहे असे मी म्हणणार नाही. माझ्याकडे सध्या काळी दारू फक्त कार्बाइनमध्ये जाते. रिव्हॉल्वरला मी बिनधुराचीच देतो.